औषध मिळावे, वृक्षही राहावा

फैजपूर परिसरात ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या यावल-रावेर पट्ट्यातील केळीबागांत काचेच्या बाटलीत जन्मलेले रोप आज निःशंकपणे लावले जाते. मात्र औषधी वनस्पतींचा विषय निघाला की त्याच घरांतून ऐकू येते, “औषध रानातलेच खरे, प्रयोगशाळेतले ते नकली.” या समजुतीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी आपल्याच खानदेशच्या एका सुपुत्राची कथा उपयोगी पडते.

डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 मध्ये नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. तेथे नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी वनस्पतींतील कर्करोगविरोधी द्रव्यांचा शोध घेतला. 1966 मध्ये मूळच्या चीनमधील एका वृक्षातून मिळालेले ‘कॅम्प्टोथेसिन’ आणि 1971 मध्ये ‘पॅसिफिक यू’ या वृक्षाच्या सालीतून मिळालेले ‘टॅक्सॉल’ या दोन द्रव्यांची रचना त्यांनी जगापुढे मांडली. टॅक्सॉलला 1992 मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढे स्तनांच्या कर्करोगावरही ते वापरात आले. असंख्य माता-भगिनींचे आयुष्य त्याने वाढविले.

रुग्ण वाचवावा की वृक्ष?

आनंदाच्या या वार्तेमागे एक धर्मसंकट उभे होते. हा वृक्ष अतिशय संथ वाढतो. त्याची साल सोलली की तो मरतो. एक किलो टॅक्सॉलसाठी सुमारे दहा टन साल लागे, म्हणजे हजारो वृक्षांचा बळी. एकीकडे मरणासन्न रुग्ण, दुसरीकडे उजाड होणारे अरण्य.

हे संकट दूरदेशीचे नाही. 1972 मध्ये तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील ‘नरक्या’ अर्थात ‘अमृता’ या लहान वृक्षात आढळले. त्याच्या लाकडाला व मुळांना मागणी आली, तोड वाढली आणि अनेक ठिकाणी हा वृक्ष दुर्मीळ झाला.

टॅक्सॉलच्या बाबतीत मार्ग निघाला तो दोन टप्प्यांनी. प्रथम यू वृक्षाच्या युरोपीय जातीच्या पानांतून एक पूर्वद्रव्य काढून प्रयोगशाळेत त्याचे टॅक्सॉल बनविण्यात आले. पाने खुडली तरी वृक्ष जगतो व नवी पालवी धरतो. त्यानंतर या वृक्षाच्या पेशीच मोठ्या टाक्यांतील पोषक द्रवात वाढवून त्यांतून टॅक्सॉल मिळू लागले. रेणू तोच, गुणही तोच. शुद्ध केलेल्या या द्रव्याला नकली म्हणण्यास काहीच आधार नाही.

रानातल्याचा कस कोठून येतो?

तरीही जुन्या समजुतीत सत्याचा अंश आहे. ही द्रव्ये वनस्पती आपल्यासाठी बनवीत नाही. कीड, बुरशी, ऊन आणि दुष्काळ यांच्याशी झुंजताना ती तिची ढाल असतात. बाटलीतील पेशींना शत्रूच नसतो, म्हणून पुष्कळदा त्या हे द्रव्य फारच थोडे बनवितात. शास्त्रज्ञ त्यावर युक्ती योजतात. संकटसमयी वनस्पती जो रासायनिक संकेत देते, तोच पेशींना दिला की त्या कामाला लागतात. यू वृक्षाच्या पेशींबाबत हे उत्तम साधले. नरक्याच्या पेशींतून मिळणारे द्रव्य मात्र वृक्षाच्या तुलनेत सहसा अल्पच असते. उलट रानातल्या मालाचा कसही वृक्षाचे वय, ऋतू आणि जागा यांनुसार बदलतो. म्हणून केवळ ‘रानातले’ एवढ्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. कस ठरतो तो तपासणीने.

जांभळाचा वृक्ष आणि सहा भुकेले पुरुष हा लेश्यांचा दृष्टान्त आपण बालपणापासून ऐकतो. एक मुळासकट वृक्ष तोडू पाहतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे. सहावा भूमीवर पडलेली फळे वेचून तृप्त होतो. भूक सर्वांची सारखीच, घेण्याची रीत मात्र निराळी. सालीपासून पानापर्यंत आणि पानापासून पेशीपर्यंत विज्ञानाने केलेला प्रवास याच दिशेचा नाही काय?

आपल्यापैकी अनेक घराण्यांचा काष्ठौषधींचा व्यापार आहे. माल घेताना भावाबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा वनस्पतीचा कोणता भाग आहे? तो लागवडीचा की जंगलातला, आणि परवान्याने आणलेला आहे काय? त्यातील गुणद्रव्याची तपासणी झाली आहे काय? मूळ, साल वा लाकूड असेल, तर त्यामागे एक संपूर्ण वृक्ष गेला असण्याचा संभव ध्यानी घ्यावा. आणखी एक सावधगिरी: कॅम्प्टोथेसिन मूळ स्वरूपात विषारी आहे. त्यात बदल करूनच त्याची औषधे तयार झाली. म्हणून कर्करोगावर कच्ची साल वा लाकूड कोणी देऊ नये, घेऊ नये.

डॉ. वाणी 2020 मध्ये निवर्तले. नंदुरबारच्या या सुपुत्राने वृक्षात दडलेले औषध दाखविले. ते घेताना वृक्ष राखण्याचे कर्तव्य आपल्या हाती आहे.