आंबणं आणि नासणं : कोंबड्यांच्या खाद्यावरून काही विचार

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कोंबड्यांच्या खाद्यावर बोलणार, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी परसात आठ गावरान कोंबड्या पाळल्या. त्यांनी आम्हाला आमचाच एक जुना धडा नव्याने शिकवला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी कृती. ज्वारी, मका, तांदळाची कणी, थोडा गव्हाचा कोंडा, जे घरात असेल ते बरणीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत घ्यायचं. दाणे फुगतात, म्हणून भांडं अर्धंच भरायचं आणि दाण्यांवर चार बोटं पाणी ठेवायचं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल, तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं. आतून वायू निघतो, तेव्हा झाकण सैल हवं. दिवसातून एक-दोनदा ढवळायचं. उन्हाळ्यात दोन दिवसांत, थंडीत तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात, ताकासारखा आंबट वास सुटतो. की झालं! पाणी निथळायचं आणि त्या दिवशी संपेल एवढंच घालायचं. निथळलेलं थोडं पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून चालतं. मीठ मात्र घालायचं नाही.

यात घडतं काय? दाण्यांवर मुळातच असलेले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही लागतं तेही अशाच जिवाणूंमुळे. हे आंबणं म्हणजे सजीवांचं काम आहे, असं लुई पाश्चरने १८५७ साली मांडलं. आम्लता वाढली की साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना वाढणं अवघड जातं. दुसरं, धान्यातला बराच फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो, तो कोंबडीला नीट मिळत नाही. भिजण्या-आंबण्यात त्यातला काही मोकळा होतो. तिसरं म्हणजे ओलं खाद्य कमी सांडतं. पण कॅल्शियम यातून वाढत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा वेगळा द्यावाच लागतो.

आता आमची चूक सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात पोत्याच्या तळाच्या मक्याला बुरशी आली. टाकून द्यायला जीव होईना. आंबवलं की सगळं शुद्ध होतं, असं आम्ही धरून चाललो. पंधरवड्यात तीन कोंबड्या गेल्या. पशुवैद्यांनी एक फाडून यकृत दाखवलं आणि बुरशीच्या विषाचा संशय बोलून दाखवला. घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. मग वाचायला बसलो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते शिजवून भरवशाने जात नाही, घरी आंबवूनही नाही.

सांख्यांचा सत्कार्यवाद आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. कार्य कारणात आधीच असतं. ज्याला दही हवं तो दूध घेतो, पाणी घेत नाही. विरजण मुळात असलेलंच बाहेर आणतं. फळ्यावर हे लिहिणारे आम्ही बादलीपुढे ते विसरलो. विषारी मक्यातून आम्ही निर्दोष खाद्याची अपेक्षा करत होतो.

म्हणून आता दोन परीक्षा घेतो. पहिली डोळ्यांनी, दाणे कोरडे असतानाच : काळपट, हिरवट, जाळी धरलेला दाणा दिसला की ते धान्य बाद. हे विष नाकाला कळत नाही, तेव्हा इथे हात राखायचा नाही. दुसरी नाकाने, आंबल्यावर : आंबट वास चालेल, कुजका नाही. वर लव दिसली तर सगळंच टाकायचं, आणि तेही कोंबड्या उकरणार नाहीत असं खोल पुरायचं. पावसाळ्यात धान्य थोडं थोडंच आणतो.

उरलेल्या पाच जणी ठणठणीत आहेत. इथेच थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.