टीम सोडून जाणाऱ्याचं काम कुणाचं?

आज जरा नाजूक विषय घेऊया. बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धेसाठी इंजिनीअरिंगची मुलं वर्षभर खपून एक गाडी बनवतात. समजा, स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे आणि डेटा लॉगरचा सगळा कोड लिहिणारा मुलगा भांडून बाहेर पडतो. जाताना म्हणतो, “माझा कोड वापरायचा नाही.” टीम म्हणते, “काम टीमचं आहे, तुझं कसलं?” आता यात बरोबर कोण?

आधी कायदा बघू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृती धरला जातो, आणि कलम 17 नुसार त्याचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो. नोकरीत लिहिलं तर मालक कंपनी; पण विद्यार्थी काही टीमचा नोकर नसतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणजे कॉलेजच्या एखाद्या धोरणावर आधीच सही झालेली नसेल, तर त्या मुलाचं म्हणणं उडवून लावता येत नाही. मात्र कॉपीराइट लिहिलेल्या ओळींवर असतो, कल्पनेवर नाही. तीच पद्धत वापरून टीम नव्याने कोड लिहू शकते. दोन महिन्यांत जमेल का, हा वेगळा प्रश्न.

म्हणून पहिली गोष्ट, कागद सुरुवातीलाच करा. एक पान पुरे: काम ज्याचं त्याचं, पण टीमला ते वापरायची आणि बदलायची कायमची परवानगी. ‘कायमची’ हा शब्द लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

दुसरी गोष्ट, नाव. हक्क देऊन टाकले तरी ‘हे मी केलं’ म्हणायचा अधिकार कलम 57 नुसार लेखकाकडेच राहतो. गिटमध्ये प्रत्येक कमिटवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, तो इतिहास पुसू नका. रिपोर्टमधूनही नाव काढू नका. भांडण झालं म्हणून केलेलं काम न केलेलं होत नाही.

तिसरी गोष्ट, निरोप. पासवर्ड, ड्रॉइंग, फाइली तुम्ही मागून घ्यालच. पण ‘हीच स्प्रिंग का घेतली?’ याचं उत्तर फाइलीत नसतं, आणि डिझाइनचे परीक्षक नेमकं तेच विचारतात. जाणाऱ्याबरोबर तासभर बसा, प्रत्येक निर्णयामागचं कारण लिहून घ्या. आणि तो मनापासून सांगेल कधी? आपलं नाव राहणार याची त्याला खात्री असेल तेव्हाच.