प्रवासातला अनोळखी माणूस : मुलांना काय शिकवावे?

गणपतीला चाकरमानी मुंबईहून कोकण रेल्वेने कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला उतरतात. रात्रभराच्या प्रवासात "तुमचं गाव कुठलं?" हे विचारणं होतंच. आपला कोकणी माणूस चटकन ओळख काढतो. भामटा याच सवयीचा फायदा घेतो. आधी गाववाला होतो, मग चहा-बिस्किट पुढे करतो. त्यात गुंगीचे औषध असेल तर जाग येईपर्यंत बॅग, दागिने, मोबाईल गेलेले असतात.

तरीही मुलांना 'कोणाशी बोलूच नका' असे सांगू नये. अडचणीत मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागते. नियम सोपा ठेवावा : बोला, पण खाऊ घेऊ नका, सामान सोपवू नका, घरचा पत्ता सांगू नका. "नको काका, घरी विचारल्याशिवाय घेत नाही" हे वाक्य वर्गात जोडीजोडीने म्हणवून घ्या. नकार देण्याचाही सराव लागतो.

मोठ्यांसाठीही एक धडा आहे. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर ओळखावे. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही.

रेल्वे मदत १३९, ऑनलाईन फसवणूक १९३०, तातडीची मदत ११२. हे नंबर मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.