वाफ्याला आच्छादन किती लागते?

मे महिन्यात परसातल्या वाफ्याला सकाळी पाणी द्यावे आणि दुपारी माती पुन्हा कोरडीठक्क दिसावी, हे धाराशिवकरांना नवे नाही. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात पाण्याची ओढ लागली की पहिली सुकते ती घरची भाजी. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने इथल्या महिलांसोबत रुजवलेली एक एकर शेती आधी घरच्या ताटाचा विचार करते, ती याचसाठी.

माती झाकली की उन्हाचा आणि वाऱ्याचा थेट मारा थांबतो, ओल टिकते, तणही कमी उगवते. हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती मापात. दोन मुठी पाचट भुरभुरले तर ऊन मातीपर्यंत पोहोचतेच. उलट वीतभर थर दिला तर हलकी सर त्या थरातच जिरते. 5 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला अवघे 5 लिटर पाणी. वाळलेले भुसकट त्यातले बरेचसे आधी स्वतःच पिते. वरून सगळे भिजलेले दिसते, खाली मुळे तहानलेलीच.

हिशेब मात्र सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर थर द्यायला 10 लिटर माल लागतो. म्हणून लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजून गुणा, थराच्या सेंटिमीटरने गुणा आणि शेवटी दहाने. तीन मीटर लांब, 1.2 मीटर रुंद वाफा म्हणजे 3.6 चौरस मीटर. सात सेंटिमीटर थराला 252 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या साधारण 13 बादल्या. बादली हलकेच दाबून भरा. पाला फुगीर असतो, नुसता ओतून मोजला तर फसवतो. झाडाच्या गोल आळ्यासाठी मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर घ्या, त्याचा वर्ग करून 3.14 ने गुणा. अंतर 60 सेंटिमीटर असेल तर जागा 1.13 चौरस मीटर भरते. तेवढ्याच थराला चार बादल्या पुरतात.

उसाचे पाचट, वाळला पाला यांचा थर सात ते आठ सेंटिमीटर हवा. सोयाबीनचे बारीक भुसकट दाट बसते, त्याला चार-पाच पुरे. लाकडाचा भुसा दोन-तीनच, आणि तो मातीत कालवू नका. कुजताना तो पिकाच्या वाट्याचे नत्र ओढतो. कडब्याला हात लावू नका, तो जनावरांचा. गाजरगवत वापरायचेच तर फुलावर येण्याआधी कापलेले, तेही हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते आणि फुलोऱ्याच्या परागकणांनी दम्याचा त्रास वाढू शकतो.

आधी वाफा भरपूर भिजवा, मगच झाका. कोरड्या मातीवर आच्छादन घालून वरून शिंपडत बसणे म्हणजे पाचटालाच पाणी पाजणे. रोपाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजते. पाऊस पडून गेल्यावर थर बाजूला सारून बोट मातीत खुपसून पाहा. खाली कोरडे लागले तर थर थोडा विरळ करा.

पंधरा दिवसांनी पट्टी उभी धरून थर पुन्हा मोजा. सातचे पाच सेंटिमीटर झाले असतील तर याच वाफ्याला 72 लिटर, म्हणजे चार बादल्यांना थोडी कमी, एवढी भर लागेल. तेवढा पाला आधीच पोत्यात भरून ठेवलेला बरा.