बावीस सामने आणि दोन सामने

१ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटण या संघाने हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवला आणि पहिल्यांदाच विजेतेपद पटकावले. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा आठ संघांत पलटणचा क्रमांक आठवा होता. पुढच्या वर्षीही तो आठवाच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत हा संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला खरा, पण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे त्याचे दोन बिनीचे खेळाडू दुखापतीमुळे मैदानाबाहेर होते, आणि जयपूर पिंक पँथर्सने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्यानंतर सव्वा वर्षाने, नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानच्या याच अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने चषक उचलला.

आता एक शंका काढू या. अंतिम सामन्यात फरक पडला तो अवघ्या तीन गुणांचा. कबड्डीत तीन गुण म्हणजे किती? पहिल्या सत्रात पलटणच्या पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले होते. ती एक चढाई फसली असती, एखाद्या बचावपटूचा हात वीतभर आधी पुढे आला असता, तर निकाल बहुधा उलटा लागला असता. मग पलटण खरोखरच सर्वांत बलवान संघ होता, की त्या रात्री नशिबाने त्याला हात दिला? पारावर बसून अशा प्रश्नावर तासन्‌तास वाद घालता येतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तर या वादाचा बराचसा भाग आपल्याला मिटवता येईल.

त्यासाठी अंतिम सामना क्षणभर बाजूला ठेवू आणि त्याआधीची साखळी पाहू. त्या मोसमात १२ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या ११ संघांशी दोनदा खेळला, म्हणजे प्रत्येकाचे २२ सामने झाले. एकूण सामने किती? १२ गुणिले २२ म्हणजे २६४. पण प्रत्येक सामना दोन संघांच्या खाती मोजला गेल्यामुळे निम्मे करायचे, १३२. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १ गुण, असा नियम होता. पलटणने १७ सामने जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत सुटले, आणि त्याचे एकूण गुण ९६ झाले. हा आकडा तपासून पाहा. १७ पंचे ८५, तीन त्रिक ९, मिळून ९४. वरचे दोन गुण कोठून आले? अर्थात दोन पराभवांतून. म्हणजे ते दोन्ही सामने पलटणने सात किंवा त्याहून कमी गुणांनी गमावले असले पाहिजेत. सामने न पाहताही गुणतक्ता आपल्याला एवढे सांगून जातो!

तक्त्यात आणखी एक रकाना असतो, गुणफरकाचा. संघाने मिळवलेल्या गुणांतून त्याने दिलेले गुण वजा केले की गुणफरक येतो. पलटणचा गुणफरक होता अधिक २५३. त्याला २२ ने भागा; दर सामन्याला सरासरी साडेअकरा गुणांची आघाडी. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूरचा फरक अधिक १४१ होता, तर तळाच्या तेलुगू टायटन्सचा उणे २४३. बाराही संघांच्या गुणफरकांची बेरीज केली तर ती बरोबर शून्य येते. असे का बरे व्हावे? कारण एकाची जमा ती दुसऱ्याची नावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, सर्व संघ अगदी तोलामोलाचे आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल केवळ नाणेफेकीसारखा लागतो. अशा स्थितीत केवळ दैवयोगाने एखाद्या संघाला पलटणसारखे यश मिळेल काय? बरोबरीचे तीन सामने सोडून देऊ. राहिले १९, त्यांपैकी १७ जिंकले. एकोणीस नाणी उडवली तर छापा-काट्याचे एकूण प्रकार २ चा १९ वा घात, म्हणजे ५,२४,२८८ होतात. त्यांपैकी १७ किंवा अधिक छापे असलेले प्रकार किती? सर्व १९ छापे, १ प्रकार. १८ छापे, १९ प्रकार. १७ छापे, १७१ प्रकार. एकूण १९१. याचा अर्थ असे यश योगायोगाने लाभण्याची शक्यता सुमारे २,७४५ मध्ये एक. तुम्ही म्हणाल, पण संघ बारा होते, कोणाचे तरी नशीब फळफळेलच! शंका रास्त आहे. म्हणून बाराने भागू. तरीही अदमासे २२९ मध्ये एक. तेव्हा नाणेफेकीची कल्पना आपण निःशंकपणे सोडून देऊ शकतो. पलटणचे बळ खरे होते, आणि त्याचा पुरावा या बावीस सामन्यांत आहे.

मग चषकासाठी बाद फेरी कशाला? आणि तिच्या दोन सामन्यांवरून काय कळते?

याचे उत्तर कबड्डीच्या मैदानापेक्षा शेतात लवकर सापडेल. आमच्या जालना भागात बियाण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि मृगाच्या आधी घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर शहाणा शेतकरी त्याची उगवणशक्ती तपासतो. पोत्यातले शंभर दाणे सरसकट काढायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणे पेरायला योग्य. पण शंभरच का? दोन दाण्यांवर भागत नाही काय?

समजा दोन पोती आहेत. एकाची उगवणशक्ती शेकडा ८०, दुसऱ्याची शेकडा ६०. प्रत्येकातून दोनच दाणे घेतले. चांगल्या पोत्यातले दोन्ही दाणे उगवण्याची संभाव्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. वाईट पोत्यातले दोन्ही उगवण्याची ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६. याचा अर्थ वाईट पोतेही शंभरात ३६ वेळा पैकीच्या पैकी गुण घेऊन पास होणार, आणि चांगले पोतेही शंभरात ३६ वेळा एखादा दाणा दगावून बदनाम होणार! अशा चाचणीवर विसंबून कोणी पेरणी केली, तर हंगाम हातचा जायचा. याउलट शंभर दाणे घेतले तर चांगल्या पोत्याचे साधारणतः ७२ ते ८८ उगवतील, वाईटाचे ५० ते ७०. दोन्ही पट्टे एकमेकांपासून अलग झाले, आता फसगत होणे कठीण. बावीस दाण्यांत काय होईल? चांगल्याचे सुमारे १४ ते २१, वाईटाचे ९ ते १८. पट्टे अजून थोडे एकमेकांवर चढलेले आहेत, पण दोन दाण्यांपेक्षा स्थिती कितीतरी बरी.

यामागे एक सुंदर नियम आहे. निरीक्षणांची संख्या शंभरपट केली की योगायोगाने होणारी चढउतार शंभरपट होत नाही, तर १०० च्या वर्गमूळाइतकीच, म्हणजे दहापट होते. नाणे १०० वेळा उडवले तर छापे बहुधा ४० ते ६० च्या दरम्यान पडतात. १०,००० वेळा उडवले तर ४,९०० ते ५,१०० च्या दरम्यान. पहिल्या वेळी शेकडा दहाची इकडेतिकडे, दुसऱ्या वेळी शेकडा एकचीच. प्रयोगशाळेत एकाच निरीक्षणावर समाधान न मानता पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढायला लावतात, ते याचसाठी. विद्यार्थ्यांना तो शिक्षकांचा छळ वाटतो, हे मला ठाऊक आहे.

बाद फेरीचे दोन सामने म्हणजे हे दोन दाणे होत. पलटणने साखळीत १९ पैकी १७ सामने जिंकले असले तरी त्यांत दुबळे संघही होते. बाद फेरीत तर निवडक सहाच संघ उरतात. म्हणून एका सामन्यात जिंकण्याची त्याची संभाव्यता आपण ०.८ धरू. हा माझा अंदाज आहे, तुम्ही वेगळा धरून पाहू शकता. साखळीत पहिल्या दोन क्रमांकांवर आलेल्या संघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश होता, म्हणजे चषकासाठी दोनच विजय पुरेत. शक्यता ०.६४. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना मात्र आधी एक जादा सामना जिंकावा लागे. पलटणलाही तसे करावे लागले असते तर ०.८ चा घन, ०.५१. वरच्या दोन क्रमांकांचे मोल किती, ते या दोन आकड्यांच्या तुलनेवरून ध्यानात येईल. पण हेही पाहा, की एवढा प्रबळ संघ सुखरूप उपांत्य फेरीत पोहोचूनही शंभरात ३६ वेळा रिकाम्या हातांनी परतणार होता.

प्रत्यक्षात काय घडले? उपांत्य सामन्यात पलटणने पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे सहज हरवले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात मात्र गंमत झाली. हरियाणा स्टीलर्स साखळीत पाचवा आलेला संघ. त्याचा गुणफरक तर उणे १३, म्हणजे त्याने मिळवलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण जास्त. त्याने अधिक १४१ वाल्या, आधीच्या मोसमाच्या विजेत्या जयपूरला ३१-२७ असे घरी धाडले. साखळीत जयपूरने १६ सामने जिंकले होते, फक्त ३ गमावले होते. चौथा पराभव चुकीच्या दिवशी झाला, इतकेच.

पलटणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कित्येक संघ एकाच मोठ्या चढाईपटूवर उभे असतात. त्याचा दिवस चांगला असेल तर संघ जिंकतो, नसेल तर कोसळतो. पलटणमध्ये गुणांचा भार अस्लम, मोहित आणि पंकज यांच्यात वाटला गेला होता, आणि मागे इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचा भक्कम बचाव होता. त्या मोसमात पकडींचे सर्वाधिक, ९९ गुण त्याचेच. एकाची चढाई फसली तर दुसरा भरून काढतो. येथेही तोच वर्गमूळाचा नियम काम करतो: गुणांचे झरे जितके अधिक आणि एकमेकांपासून स्वतंत्र, तितका त्यांच्या बेरजेतला चढउतार प्रमाणाने कमी.

पुढचे मोसमही या दृष्टीने बोधक आहेत. २०२४ च्या अखेरीस झालेल्या अकराव्या मोसमात पलटणला पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही, आणि चषक गेला हरियाणाकडे. बाराव्या मोसमात, २०२५ साली, पलटण पुन्हा साखळीत पहिला आला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने त्याला ३१-२८ असे हरवले. फरक तोच, तीन गुणांचा. फक्त चिन्ह बदलले.

हा सगळा हिशेब तुमच्याही उपयोगाचा आहे. आपल्या तालुक्याच्या शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. परतूरचा किंवा भोकरदनचा एखादा संघ वर्षभर पहाटे उठून सराव करतो, एका सकाळी तीन गुणांनी हरतो आणि दुपारच्या एस.टी.ने गावी परततो. त्या एका सामन्यावरून तो संघ दुबळा ठरत नाही. एका दाण्यावरून पोते पारखण्यासारखेच ते आहे. मग सर्वांची साखळी का खेळवत नाहीत? सोळा संघ असतील तर बाद पद्धतीत १५ सामन्यांत निकाल लागतो, कारण दर सामन्याला एक संघ गळतो आणि पंधरा गळाले की एकच उरतो. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ घालायची म्हटले तर १६ गुणिले १५ भागिले २, म्हणजे १२० सामने! तेवढे दिवस, पंच आणि मैदाने कोठून आणायची? मला विचाराल तर मधला मार्ग बरा. चार-चार संघांचे चार गट पाडावेत, गटात साखळी, आणि गटविजेत्यांत बाद फेरी. सामने होतात २७, आणि प्रत्येक संघाला निदान तीनदा तरी मैदानात उतरता येते.

शेवटी एक प्रयोग. वर्गातल्या मुलामुलींनी प्रत्येकी एक नाणे १९ वेळा उडवावे आणि आलेल्या छाप्यांचा आकडा फळ्यावर लिहावा. बहुतेक आकडे ७ ते १२ च्या आसपास गर्दी करतील. १४ किंवा १५ एखाद्याचाच येईल. १७ आला, तर नाणे दोन्ही बाजूंनी नीट तपासून पाहा, आणि ते खरे निघाल्यास त्याच नाण्याने आणखी १९ वेळा उडवा.