रिपोर्ट पॉझिटिव्ह आला... मग काय?

शुक्रवारी ऑफिसातून थेट सोलापूरची गाडी, तिथून अक्कलकोट रस्त्यावरचं वळसंग. आमच्या ग्रुपमधल्या एकीचा हा ठरलेला वीकेंड. एकदा घरी भाकरी थापायला बसली तर बोटं वळेनात. ‘‘अगं, या वयात वात?’’ आई म्हणाली. हिला वाटलं, माऊसचा प्रताप! मग मलम, मालिश, पेनकिलर... असे सहा महिने गेले.

शेवटी रक्त तपासलं. ‘एएनए पॉझिटिव्ह’. मग काय, रात्री दोनपर्यंत नेटवर ल्यूपस, किडनी, काय काय वाचलं. सकाळी रडवेली होऊन विचारते, ‘‘लग्नाचं बघतायत गं घरी. सांगू काय?’’

थांबा! आधी रिपोर्ट समजून घेऊ.

शरीराचे पहारेकरी कधीकधी घरच्यांनाच चोर समजतात. त्यांनी स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेलं हत्यार म्हणजे ऑटोअँटिबॉडी. एएनए ही त्यासाठीची पहिली चाळणी, निकाल नव्हे. 1:40 या पातळीला ठणठणीत माणसांपैकीही जवळपास तिघांत एक पॉझिटिव्ह निघतो. 1:160 ला साधारण विसात एक. म्हणून 2019 च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ल्यूपससाठी 1:80 हा फक्त प्रवेशपास आहे. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्या जुळाव्या लागतात.

हिची खरी गोष्ट लक्षणांत होती. सकाळी तासभर आखडलेली बोटं हालचालीनं सैल व्हायची. माऊसचं दुखणं उलट कामानं वाढतं, विश्रांतीनं कमी होतं. संधिवाततज्ज्ञांनी सुजलेले सांधे तपासले, अँटी-सीसीपी करायला सांगितली. ही चाचणी जुन्या आरए फॅक्टरपेक्षा जास्त नेमकी. ती चांगलीच पॉझिटिव्ह आली. निदान: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. (काहींच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येऊनही आजार असतो, म्हणून डॉक्टरांनी हात दाबून बघणं हवंच.)

‘शहरी लाइफस्टाइलचा रोग’ म्हणाल तर तसंही नाही. तिच्या गाडीच्या वाटेवरच्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमनं घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये हा आजार साधारण दोनशेत एकाला सापडला.

औषधांचं काय?

पहिली पसंती मेथोट्रेक्सेट. हे औषध अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमच्या संशोधनातून आलं. गोळी आठवड्यातून एकदाच! चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक दिवसांनी रक्त, लिव्हरची तपासणी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर लागलंच तर थोडे दिवस स्टेरॉइड. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर डोळे तपासून घ्या. एवढ्यानं भागलं नाही तर बायॉलॉजिक इंजेक्शनं आहेत. महाग, आणि आधी टीबीची तपासणी हवीच. सिगारेट ओढत असाल तर सोडा, तिनं हा आजार बळावतो.

आणि लग्न, मूल? जरूर! फक्त प्लॅनिंग करून. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून काही महिने आधी बंद करायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन चालू ठेवता येतात.

हल्ली तिचा रविवार गोळीचा. मोबाइलवर रिमाइंडर आहे, शिवाय वळसंगहून आईचा फोन असतोच, ‘‘घेतलीस का गं?’’ परवा तिनं स्वतः थापलेल्या भाकरीचा फोटो पाठवला. कडा जरा जाड होत्या, पण थापली दोन्ही हातांनी! लग्नाचं काय? मुलगा बघायला आला की रिपोर्ट ती स्वतःच दाखवणार आहे म्हणे.