वाघोलीचे निळे फूल : कॅव्हन्साइट ओळखावे कसे?

महाराष्ट्राचा दगड म्हटला की काळा कातळच डोळ्यांसमोर येतो. गडांचे तट, वाड्यांची जोती, पाटे-वरवंटे, जाती, सगळे याच दगडाचे. या काळ्या दगडाच्या पोटात कधीकधी गर्द निळ्या रंगाची, हरभऱ्याएवढी किंवा बोराएवढी फुले दडलेली असतात, असे मी सांगतो तेव्हा पुष्कळांना ते खरे वाटत नाही. या निळ्या खनिजाचे नाव कॅव्हन्साइट.

नाव परके वाटते, पण त्यातच खनिजाची घडण सांगितलेली आहे. कॅल्शियमचा ‘कॅ’, व्हॅनेडियमचा ‘व्हॅन’ आणि सिलिकॉनचा ‘सि’. या तिघांच्या जोडीला ऑक्सिजन आणि पाणीही असते. निळा रंग येतो तो व्हॅनेडियममुळे. हे खनिज प्रथम सापडले अमेरिकेतील ओरेगन राज्यात, १९६७ साली, आणि त्याचे शास्त्रीय वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. तिथले स्फटिक मात्र अगदी बारीक. या खनिजाचे सर्वांत देखणे नमुने जगाला मिळाले ते पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. आज परदेशातल्या अनेक संग्रहालयांत हे निळे फूल दिसते आणि त्याखालच्या चिठ्ठीवर पुण्याचे नाव असते.

हे फूल दगडात उमलते कसे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, भेगा पडल्या. पुढे त्यांतून खनिजद्रव्ये विरघळलेले गरम पाणी फिरत राहिले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर पांढरे, पीच फळाच्या रंगाचे, पारदर्शक असे स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्साइट ही त्यांतली नेहमीची मंडळी. त्यांच्या सोबतीने, बहुधा स्टिल्बाइटच्या अंगावर, कॅव्हन्साइट बसलेले आढळते.

आता ओळखीकडे वळू. माझा पहिला नियम असा, की नुसत्या रंगावर कधीही विसंबू नये. निळे म्हणजे कॅव्हन्साइट, असे म्हटले तर आपले मोरचूदही कॅव्हन्साइट ठरेल! मोरचूद पाण्यात विरघळते, कॅव्हन्साइट विरघळत नाही. त्यामुळे तो घोळ लवकर मिटतो. अ‍ॅझुराइट नावाचे तांब्याचे निळे खनिज मात्र जास्त फसवे आहे.

खनिजशास्त्रात कठिनता १ ते १० अशी मोजतात. संगजिरे १, हिरा १०. कॅव्हन्साइटची कठिनता ३ ते ४, म्हणजे चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठतो. पण अ‍ॅझुराइटही जवळपास तेवढेच मऊ. म्हणजे या कसोटीने दोघांचा निवाडा होत नाही. मग दुसरी कसोटी वजनाची. सारख्याच आकाराच्या पाण्याच्या तुलनेत कॅव्हन्साइट सव्वादोन पट जड, तर अ‍ॅझुराइट पावणेचार पट जड. शुद्ध तुकडा सुटा मिळाला तर हा फरक तराजूवर स्पष्ट दिसतो. तिसरी कसोटी कसाची. सोनार सोने दगडावर घासून पाहतो, तसे आम्ही खनिज खडबडीत, बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर घासतो. कॅव्हन्साइटचा कस निळसर पांढरा उमटतो. चौथी कसोटी आम्लाची. अ‍ॅझुराइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, कारण ते कार्बोनेट आहे. इथे एक सावधगिरी हवी. शेजारी कॅल्साइट असेल तर तेही फसफसते, म्हणून बुडबुडे नेमके कुठून येतात ते भिंगातून पाहावे. कस आणि आम्ल या दोन्ही परीक्षा गळून पडलेल्या कणावरच कराव्यात. चांगल्या नमुन्यावर त्या करणे म्हणजे फूल ओळखण्यासाठी ते चुरगळणे.

एवढे करूनही एक पेच उरतो. कॅव्हन्साइटला एक सख्खे भावंड आहे, पेंटागोनाइट. तेही वाघोलीला सापडते. दोघांचे रासायनिक सूत्र एकच. एकाच कणकेची पोळीही होते आणि पुरीही, तसा हा प्रकार. द्रव्ये तीच, अणूंची मांडणी वेगळी. कॅव्हन्साइटचे बारीक स्फटिक केंद्रातून चहूकडे फुटून गोल गुच्छ करतात. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट, काडीसारखे, आणि अनेकदा असे जुळलेले, की टोकाकडून पाहिले तर पाच पाकळ्यांचा तारा दिसावा. त्याचे नाव त्यावरूनच पडले. तरीही छातीठोक निर्णय हवा असेल तर प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासावी लागते.

किंमत आली की लबाडीही येते. फुटून सुटे झालेले निळे गुच्छ पांढऱ्या स्टिल्बाइटवर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून विकले जातात. खनिज खरे, पण जोडणी खोटी. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून गुच्छाचे बूड पाहावे. तिथे चकचकीत पापुद्रा, हवेचे बुडबुडे किंवा निळी भुकटी दिसली तर शंका घ्यावी. पुष्कळ गोंद अतिनील दिव्याखाली उजळतात, तीही एक खूण.

या लबाडीत खरे नुकसान पैशाचे नाही. निळे फूल कोणत्या खनिजावर, कोणत्या थरात, कोणत्या खाणीत वाढले, यावरून दगडातल्या पाण्याचा आणि उष्णतेचा इतिहास वाचता येतो. बैठक बदलली, ठिकाण हरवले, की उरतो तो फक्त शोभेचा खडा. आणि हा इतिहास फार काळ थांबणार नाही. या खाणी मुळात खडीसाठी खोदल्या गेल्या. सुरुंगाने कातळ फुटतो आणि ज्याच्यावर वेळीच कुणाची नजर पडत नाही ते क्रशरमध्ये जाऊन रस्त्यात, इमारतीत मिसळते. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत आली. शहर जिथे चढते तिथे खाणी बुजतात.

म्हणून माझी एकच विनंती आहे. खाणीत परवानगीशिवाय उतरू नका, ते धोक्याचे असते. पण असा नमुना रीतसर तुमच्या हाती आलाच, तर तो घासूनपुसून चकचकीत करण्याआधी एका चिठ्ठीवर गाव, खाण आणि तारीख लिहा आणि ती चिठ्ठी नमुन्यासोबतच ठेवा. खनिजाचे नाव प्रयोगशाळा पुढे कधीही सांगू शकेल. ते कुठून आले, हे मात्र त्या चिठ्ठीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.